कडेची पात

अंजनाबाईंच्या डाव्या हाताचा अंगठा सकाळी सरळ होत नाही. झोपेतसुद्धा तो काहीतरी धरून बसलेला असतो, आणि जाग आल्यावर उजव्या हातानं त्याला सोडवून घ्यावं लागतं. सोडवताना कट् असा आवाज येतो. चहा उकळेपर्यंत अंगठा माणसात येतो. शिरूरच्या डॉक्टरांनी कारण एका वाक्यात सांगितलं होतं: एकच मूठ जन्मभर आवळली की असं होतं. उपायही सांगितला होता, काम बदला. बाईंनी मान डोलावली. कवठे येमाईत खुरपणाऱ्या बाईला काम बदलायचं असेल, तर ती कांद्याऐवजी मिरची खुरपते.

खुरपं राहूचं, म्हणजे त्यांच्या माहेरचं. आई डावखुरी होती. तिनं लोहाराकडून पातं उलट्या बाजूला वळवून घेतलं होतं आणि बाभळीची मूठ स्वतःच्या बोटांना बसेल अशी तासून घेतली होती. लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर हे खुरपंही आलं. अंजनाबाई मुळात उजव्या. जेवतात उजव्या हातानं, धुणं उजव्या हातानं, मुलाला लहानपणी धपाटे घातले तेही उजव्याच हातानं. पण उजव्या हातात ते खुरपं धरलं की पातं मातीत शिरायच्या ऐवजी वर यायचं आणि मुठीचा उंचवटा नेमका तळव्यात रुतायचा. नवं खुरपं घेणं हा एक मार्ग होता. नव्या सुनेनं सासरी तो सुचवला नाही. तिनं हात बदलला.

त्या हातानं त्यांची जागाही ठरवून टाकली. खुरपणीला बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या पुढ्यात जमिनीची एक पट्टी, तिला पात म्हणायचं, आणि सगळ्या पाती बरोबरीनं पुढं न्यायच्या. एखादी मागं पडली तर शेजारणी तिच्या पातीतलं थोडं उचलतात. ओळ मोडायची नाही. अशा ओळीत मधे डावखुरी बसली की कोपराला कोपर लागतं. म्हणून अंजनाबाईंना पहिल्या दिवसापासून डावीकडची कडेची पात मिळाली. डाव्या हातानं खुरपणाऱ्या बाईची पाठ कडेकडं होते आणि तोंड ओळीकडं वळतं. त्यामुळं कोण मागं पडलंय, कोणाचा डोळा लागतोय, कोण नुसतंच खुरपं आपटतंय, हे त्यांना न बघता दिसायचं. मग त्या हाक मारायच्या. हाक मारता मारता त्या टोळीच्या मुकादम झाल्या. नेतृत्वगुण म्हणून जे काही सांगितलं जातं, ते पुष्कळदा असं बसायच्या जागेवरून आलेलं असतं.

कडेला काय आहे याला तेव्हा महत्त्व नव्हतं. बांध असायचा, पलीकडं बाजरी असायची. मग कालव्याचं पाणी आलं, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या आला. आला असं म्हणायचं एवढंच. हल्ली जे बिबटे आहेत त्यांचा जन्म उसातला, त्यांच्या आयांचाही उसातला, त्यामुळं रहिवासाचा प्रश्न काढला तर ते इथलेच निघतील.

गावातून वनखात्याची गाडी फिरली आणि भोंग्यावरून सूचना झाल्या. शेतात एकट्यानं बसू नये. वाकून काम करू नये. उसाकडं पाठ करू नये. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावावीत. बिबट्या उभ्या माणसाला माणूस समजतो, बसलेल्याला शेळी समजतो, असं गाडीतल्या माणसानं अगदी मोकळेपणानं सांगितलं. बायकांनी उभं राहून ऐकून घेतलं आणि खुरपायला जाऊन बसल्या.

त्यानंतर पलीकडच्या वस्तीवरच्या शेवंताबाई गवत कापायला बसल्या होत्या, त्या उसात सापडल्या. विळा बांधावर होता, गवताचा भारा अर्धा बांधलेला होता. त्यांचा आवाज कोणी ऐकला नाही, कारण त्यांनी तो काढलाच नसावा.

शेवंताबाईंच्या दहाव्यानंतर एका संस्थेनं गळ्यात घालायचे पट्टे वाटले. चामड्याचा पट्टा, बाहेरून खिळे. मूळ कल्पना धनगरांच्या कुत्र्यांची. कुत्र्याची मान आडवी असते आणि तो कांदे खुरपत नाही, हे पट्टा करणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. खाली बघितलं की कड हनुवटीखाली घुसायची, घाम साचायचा, आणि नवऱ्यापेक्षा जास्त काचतंय म्हणून टोळीतल्या मायांनी तो दुसऱ्याच दिवशी खुंटीला लावला. माया अंजनाबाईंच्या चुलतजाऊ. ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या आणि तिथून सगळ्या ओळीला पुरेल एवढं बोलायच्या.

अंजनाबाईंनी पट्टा घातलाच नाही. त्यांची अडचण वेगळी होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यांना उठायला वेळ लागत होता. आधी खुरपं मातीत रोवायचं, मग उजवा हात गुडघ्यावर, मग एक श्वास, मग शेजारच्या पातीवरच्या सीमाचा खांदा. उभं राहीपर्यंत सीमाचं एक वाक्य बोलून व्हायचं. घरी चुलीपाशी याला काही बिघडत नाही. उसाकडं पाठ करून बसलेल्या बाईचं बिघडतं.

हे त्यांच्या मुलानं, सम्राटनं, हेरलं. सम्राट एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ग्राइंडरवर होता. तिथं यंत्रांच्या मुठी बदलल्या तेव्हा परगावहून माणसं येऊन कामगारांच्या तळव्यांची मापं घेऊन गेली होती, आणि अवजार हाताप्रमाणे असावं, हात अवजाराप्रमाणे नव्हे, असं भिंतीवर रंगवलं होतं. सम्राटला ते पटलं होतं. घरी येऊन त्यानं विचारलं, "आई, तुझ्या खुरप्याचं माप कुणी घेतलं व्हतं?"

"तुझ्या आज्जीनं."

"तुझं?"

"तिचंच. मी नंतर बसले त्यात."

"तुला उभ्यानं खुरपायचं करून देतो."

"उभ्यानं काय खुरपतेत? झाडतेत."

पहिलं जे झालं ते लोखंडी नळीचं. सम्राटनं उंची स्वतःच्या छातीवरून धरली होती आणि जाडी कारखान्याच्या गोडाऊनमध्ये जी नळी पडली होती तिच्यावरून. अंजनाबाईंची मूठ नळीभोवती मिटेना. ऊन चढल्यावर नळी तव्यासारखी तापली. घामानं हात सटकायला लागला तेव्हा त्यांनी तिला पदर गुंडाळला, आणि पदर गुंडाळलेला तो उंच दांडा घेऊन त्या रानातून परत आल्या.

"वयनी, झेंडावंदन झालं का?" माया म्हणाल्या. "आमाला बोलवायचं तरी."

दुसरं करताना सम्राटनं आईला दारात उभं केलं आणि कोपर कुठं येतं ते दाराच्या चौकटीवर कोळशानं आखून घेतलं. बांबूचा दांडा, वर आडवी मूठ, मुठीच्या दोन्ही टोकांना सायकलची रबरं, खाली जुन्या करवतीचं पातं आणि पुढं लहान मुलाच्या सायकलचं चाक. ढकलत चालायचं. मूठ आवळावी लागत नव्हती. अंगठा वर नुसता टेकायचा. मनगट सरळ राहायचं. वजन चाकावर जायचं. अंजनाबाईंनी ते रविराजच्या फ्लॉवरमध्ये चालवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकदाही खाली बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा अर्धा सरळ होता.

"आता वयनी फिरायला येनार आन् आपुन कामाला," मायांनी जाहीर केलं.

रविराज हा रानाचा तरुण मालक. बांधावर दुचाकी लावून तो हे बघत उभा राहिला. "मावशी, जोरात की!" एवढंच तो म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला.

फ्लॉवरच्या डाव्या अंगाला त्यांचाच ऊस होता, तोडीला आलेला आणि ऊसतोडीची टोळी न आल्यामुळं उभा राहिलेला. पानं वाळून खाली लोंबत होती. आत हाताच्या अंतरावरचंही दिसत नव्हतं.

ओळीचा नियम अंजनाबाईंना माहीत नव्हता असं नाही. तो राखायचं काम त्यांचंच. पहिल्या दिवशी त्या थोड्या पुढं गेल्या आणि थांबल्या. पण इथं एक गोष्ट होती, जी बसून काम करणाऱ्या बाईला कधी कळायचं कारण नाही. बसलेल्या बाईनं हात थांबवले तर लांबून कळत नाही. उभ्या बाईचे रिकामे हात रस्त्यावरून दिसतात. रविराज बांधावर होता. तो काही बोलला नसता. तरी अंजनाबाईंना ते बरं वाटलं नाही, आणि त्यांनी पात पुढं रेटली. सरळ चालणाऱ्याला समोरचं दिसतं. ओळ त्यांच्या पाठीमागं राहिली, आणि मागं वळून बघायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती, कारण बसल्या जागेवरून ओळ आपोआप दिसायची.

मागं कडेला आता सीमा होती. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, हाताला झपकन चालणारी, कमी बोलणारी. भोंग्यावरच्या सूचना तिनं ऐकल्या होत्या. गाणी लावायला सांगितलं होतं, तिनं लावली होती. पण कानात.

दोन-तीन दिवस असेच गेले. बायका म्हणायच्या, वयनीची कंबर सुधारली, चालणं सुधारलं, बोलणंही गोड झालं. सम्राट कारखान्यातल्या साहेबांना फोटो दाखवून आला. रानात सकाळी कुत्री ऊस सोडून लांबून चालत होती, एवढं एक सोडलं तर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी पाटाचं पाणी आदल्या रात्री देऊन झालेलं होतं, माती ओलसर होती. जेवायला म्हणून सगळ्या विहिरीकडं निघाल्या, त्या अंजनाबाईंच्या खुरपलेल्या पातीवरून, कारण तिथं पाय मोकळा पडत होता. पुढं माया. त्या बोलत होत्या आणि मधेच थांबल्या. मायांचं बोलणं मधे थांबलं म्हणून सगळ्याच थांबल्या.

"वयनी, तुझ्या पायात चप्पल हाय न्हवं?"

"हाय की. का गं?"

"मग हे कुनाचं?"

अंजनाबाईंच्या चपलेचा ठसा मातीत स्पष्ट होता, टाचेला फाटलेली जागासुद्धा उमटली होती. त्या ठशाच्या मधोमध दुसरा ठसा होता. गोल, मऊ, नख्या नसलेला. घरच्या मांजराचा कोणी सावकाश फुगवावा तसा. त्याच्या पुढं आणखी एक. ते उसातून निघून खुरपलेल्या पातीवर आले होते आणि तिथून मागच्या अंगानं ओळीच्या दिशेनं गेले होते. मोकळ्या मातीवर पाय पडायला त्यालाही सोपं गेलं असावं. मग एका जागी माती दाबलेली होती, बसल्यासारखी, आणि मागं एक बारीक रेघ, शेपटी हलल्याची. तिथून सीमाची पात खुरपं फेकलं तर पोचेल एवढी जवळ होती. ठसे तिथूनच परत फिरले होते. पावलांतलं अंतर सारखं होतं. जाताना त्याला घाई नव्हती.

सीमानं कानातलं काढलं.

"मला वाटलं मावशी आल्या," ती म्हणाली. "मागं कायतरी वाजलं. मी वळलेच न्हाई. मी म्हनलं, मावशी, पानी द्या."

"मग दिलं का?" मायांच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि त्यांनी स्वतःच तोंडावर पदर धरला.

रविराजनं फोन केले, गाडी आली, माणसांनी ठशांवर पट्टी ठेवून फोटो काढले. उसाच्या कडेला पिंजरा लावला. आत आडोसा करून एक कोंबडी ठेवली, तिला पाणी ठेवलं. पिंजरा ऐसपैस होता आणि कोंबडीला उठायला काही त्रास नव्हता. तो रिकामाच राहिला, म्हणजे कोंबडी सोडून.

घरी सम्राट म्हणाला, "बघ. तू बसली असतीस तर?"

"मी बसले असते तर तो तिथं आलाच नसता," अंजनाबाई म्हणाल्या. "तिथं मी असते."

"म्हंजी तुझ्यावर आला असता."

"व्हय. पन माझं तोंड वळीकडं असतं, वळीचं तोंड माझ्याकडं असतं. मायाला माझ्या मागचं दिसतं. सीमाच्या मागचं कुनाला दिसतं? मी तर पुढं निघून गेले, चाक ढकलत." त्यांनी अंगठा चोळला. "बरं वाटत व्हतं रे चालताना. त्याच्यातच गेलं."

सम्राट म्हणाला, "सगळ्यांनाच उभ्याचं करून देतो. समद्या उभ्या ऱ्हातील. मग तर झालं?"

हे खरोखरच बरोबर होतं, आणि फ्लॉवर असतं तर तेच झालं असतं. पण फ्लॉवर संपलं होतं आणि कांदा आला होता. कांद्याच्या वाफ्यात रोपाला रोप लागून असतं आणि गवत त्यांच्या मधून, बोटांनीच ओळखू येईल असं उगवतं. सम्राट सुट्टी काढून चाकाचं अवजार घेऊन आला, पातं अरुंद केलं, एका वाफ्यात चालवलं. मागं गवताबरोबर कांद्याची रोपं आडवी पडलेली दिसली.

"सम्राटभाऊ," रविराज नरमाईनं म्हणाला, "आपल्याला गवत काढायचंय. कांदा मागनं काढू."

वाफे त्याच उसाला लागून होते. उसाची टोळी अजून आली नव्हती. दौंडच्या बाजूला आहे, इकडं निघालीय, असं कळत होतं.

सकाळी बुद्धविहारासमोर बायका जमल्या, तेव्हा सीमा म्हणाली, "मावशी, कडेला मी बसते. मला पटकन उठता येतं."

यात चुकीचं काही नव्हतं. सगळ्यांनी अंजनाबाईंकडं बघितलं.

"तू उजवी," त्या म्हणाल्या. "मी मधी बसले तर कोपर लागंल तुला."

"लागू द्या."

"आन् तुला मागचं ऐकू येत न्हाई. पानी मागतीस."

सीमा हसली नाही. विषय तिथं संपला. तो दिवस त्यांनी दुसऱ्याच्या रानात, बांधापलीकडं मोकळा माळ असलेल्या ठिकाणी भागवला. दुसऱ्या दिवशी तेही संपलं. गवताला कारणं कळत नाहीत.

त्या संध्याकाळी सम्राट अंगणात उकिडवा बसून आईला म्हणाला, "बस खाली. आता ऊठ." त्या उठल्या. "परत बस. परत ऊठ." चार-पाच वेळा त्यानं हेच करायला लावलं, शेजारचे कोंडिबा आबा कुंपणापलीकडून विचारत होते की म्हातारीला शाळेत घातलंय का. सम्राट हाताकडं बघत नव्हता. तिचं वजन कुठं जातं आणि कुठं अडतं, ते बघत होता. मग त्यानं खुरपं मागून घेतलं. आज्जीची मूठ काढली. अंजनाबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि पदरात ठेवली.

नवी मूठ कोपरापर्यंत लांब होती. मागच्या टोकाला तळहात टेकेल असा जाड गोळा, आणि पातं बसतं तिथं लोखंडी कडं, अंगाचा भार आला तरी दांडा फुटू नये म्हणून. पातं जुनंच, डावीकडं वळलेलं. मातीत रोवायचं, गोळ्यावर तळवा टाकायचा आणि वर यायचं. अंजनाबाई बसल्या आणि उठल्या. सीमाचं वाक्य पुरं व्हायच्या आधी उठल्या असत्या. शेजारच्या खांद्याची गरज लागली नाही.

"कसं हाय?"

"खुरपायला वाईट हाय. मागनं कोपरात मारतंय. अंगठा तर पार जाईल ह्याच्यानं."

"उठायला?"

अंजनाबाईंनी परत एकदा बसून बघितलं. "उठायला बरं हाय."

एवढ्यावर माप पक्कं झालं. खुरपं हे खुरपण्यासाठी असतं, अशी सम्राटची आणि भिंतीवर रंगवणाऱ्याचीही समजूत होती.

सकाळी टोळी रविराजच्या कांद्यात शिरली. अंजनाबाईंनी खुंटीवरचा आपला पट्टा आणला होता, तो सीमाच्या गळ्यात बांधला, आणि तिच्या कानातलं काढून मोबाइल वाफ्याच्या वरंब्यावर मोठ्या आवाजात लावला. सीमानं मान वर-खाली करून बघितली.

"कांदे दिसत न्हाईत ह्याच्यातनं."

"हातानं बघ."

"नवरी दिसतीस गं," टोकावरून माया म्हणाल्या, पण आज त्यांचं एक वाक्य बोलून झालं की त्या ऐकत बसत होत्या. रविराजची दुचाकी बांधावर होती. पिंजऱ्यात कोंबडी होती. ऊस जिथं होता तिथंच होता, आणि त्यातली चिमण्यांची नेहमीची कलकल आज जरा पलीकडच्या बाजूनं येत होती.

बायका एकेक करून बसल्या. अंजनाबाई उभ्या होत्या. त्यांनी टोकापासून हाका मारायला सुरुवात केली, नाव घेऊन. माया. "ओ." मग पुढची, मग तिच्या पुढची. "ओ." "ओ." सीमा. "हाय की मावशी, हितंच तर हाय." त्यांचं स्वतःचं नाव घ्यायला कोणी नव्हतं, ते कधीच कोणी घेत नसे.

मग त्यांनी नव्या मुठीचं खुरपं मातीत रोवलं, उसाकडं पाठ केली, तोंड ओळीकडं वळवलं आणि खाली बसल्या. बसताना दोन्ही गुडघे वाजले. सीमाच्या मोबाइलवरचं एक गाणं नेमकं तेव्हाच संपलं होतं आणि दुसरं लागायचं होतं, त्यामुळं तो आवाज पार दुसऱ्या टोकाला मायांनाही ऐकू गेला. उसाच्या बाजूलाही गेलाच असणार. तिकडचं अंतर कमी होतं.